नाक खुपसणारी नौका

आसगावच्या मुलीनं युद्धनौका आखावी, हे आमच्याकडे अजून कुणाच्या गळी उतरत नाही. समुद्र आम्हाला दोन्हीकडून लांब. काकू दरवेळी विचारते, जहाजावर कपडे कुठं वाळत घालता? मी जहाजावर नसते, संगणकासमोर असते, हे सांगून सांगून मी थकले.

किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात सुसाट धावणारी एक लहान युद्धनौका आमचा गट आखत होता. ही नौका पाणी आत ओढून मागे जोरात फेकते आणि वेग आला की पाण्यावर उचलली जाते. नाक फारच वर गेलं तर तोफेवरच्या माणसाला समोरचं दिसत नाही, म्हणून मी डिझेलची टाकी पुढे सरकवली. चाचणीच्या लांबलचक हौदात नौकेचा छोटा नमुना ओढला, तर त्यानं लाटेत नाक खुपसलं आणि पाण्यावर काही उचलला गेला नाही. गटप्रमुख म्हणाले, "पंधरा दिवसांत सुधारा, नाहीतर हे काम दुसऱ्याकडे देतो." माझं ते पहिलंच स्वतंत्र काम. इतकी लाज वाटली की मोबाईलवर राजीनामा लिहून ठेवला आणि चार दिवसांची रजा टाकून घरी आले.

रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. बाबा चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बैलांमागं फळीवर उभे होते. धान लावायच्या आधी ही जड फळी फिरवून चिखल सपाट करतात. लहानपणी मलाही त्यांनीच शिकवलं होतं, भार पुढच्या कडेवर टाकायचा, नाहीतर फळी उचलली जाते आणि उंचवटा तसाच राहतो. बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून मी त्यांना माझी फजिती सांगितली. राजीनाम्याचं तेवढं गिळलं.

बाबांनी बैल थांबवले. "टाकी पुढं कायले ठेवली?"

"नाक दाबाले."

"तुही बोट माती कापाले चालली काय?"

त्यांनी पायानं फळी ठोकली.

"सपाट कराचं असंन तं पुढं. नुसतं पळाचं असंन तं मांगं."

शेजारच्या बांधीत पाणी तुडुंब होतं. तिथून जाताना ते टाचांवर रेलले, फळीची पुढची कड वर आली आणि बैल हलके चालू लागले. इतकी पुस्तकं वाचली मी, आणि चूक माझ्या पायांत होती. पायांना चिखलातला भार ठाऊक, तोच मी कागदावर उतरवला होता. मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला.

परत जाऊन टाकी मधल्या भागाच्या मागे नेली. नाक आवरायला नौकेच्या मागच्या कडेला खालीवर होणारी पट्टी दिली, गरज पडेल तेव्हाच दाबायची. दुसऱ्या चाचणीत नमुना जरासा डोलला, मग अलगद उचलला गेला आणि हौदाच्या टोकापर्यंत तसाच धावला. गटप्रमुखांनी आकडे दोनदा तपासले. म्हणाले, "पुढचा आराखडाही तुम्हीच करा."

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

"उचलली काय?"

"उचलली."

 बाबा म्हणाले, "दिवाळीले येजो. पण सुट्टीवर येजो. यावेळेसारखी नोकरी सोडून नको येऊ."