बयाबाईचा धवला

बयाबाईने धवला गायल्याशिवाय लग्न लागलं, तर घणसोली गावातली म्हातारी माणसं ते लग्न मानायचीच नाहीत. भटजी उशिरा आला तरी चालेल, धवलारीण आधी हवी. लग्नातला एकेक विधी ती गाण्यातून पुढे न्यायची. ही गाणी तिला आईकडून मिळालेली. त्यातले निम्मे शब्द इतके जुने, की अर्थ गावात कुणालाच ठाऊक नव्हता. पण अडलं होतं कुणाचं? बयाबाईने सूर लावला की भाकऱ्या थापणाऱ्या बाया पदराने डोळे पुसायच्या.

चौऱ्याऐंशी साली तिच्याच दिलीपचं लग्न ठरलं. सून चारुलता त्याच्याच ऑफिसातली, वाशीच्या सेक्टरात राहणारी, मूळची साताऱ्याकडची. फ्लॅटपुढे मांडव कुठे घालणार, म्हणून लग्न गावातच. दिलीपला तेवढ्यानेच घाम फुटला. आईचं गाणं ऐकून सोयरे हसले तर? पोरगा शिकला होता, पण मनाने वाईट नव्हता. त्याने धवल्यातले जुने शब्द काढून अंदाजानेच सोपे पुस्तकी शब्द बसवले आणि पाहुण्यांना कळेल असं गा, म्हणून आईला गळ घातली. लेकासाठी आई काय करत नाही! बिचारी भांडी घासतानाही ते नवे शब्द घोकत राहिली.

लग्न लागलं. सुनेला घरात घ्यायची वेळ आली. बयाबाईने गायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत अडखळली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. उभ्या जन्मात तिच्यावर अशी पाळी आली नव्हती. तिने केविलवाणं होऊन दिलीपकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"आये, तुजाच गा," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि आईचा धवला उचलला. कुणी हसलं नाही. चारुलतेची आई, सरोजिनीबाई, ऐकता ऐकता मटकन खाली बसल्या. दिलीप अर्थ सांगायला धावला, त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. गाणं संपल्यावर त्या बयाबाईला म्हणाल्या, "विहीणबाई, शब्द एकही कळला नाही. पण लेक माझ्या हातातून सुटली, एवढं कळलं."

बयाबाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"मना तरी शब्द कुठं कलतान, बाय," ती म्हणाली. "पन मना सासरी धाडताना माजी आय ह्येच गात व्हती."