कृष्णनाथ मास्तरांची पूर्वनेमणूक

पार्सेच्या कृष्णनाथ तिळव्यांना सगळा पेडणे तालुका मास्तर म्हणत असे. त्यांची नेमणूक काय ती एवढीच. शाळा त्यांना कधी मिळालीच नव्हती. ओसरीवर शिकवण्या घ्यायच्या, गावातल्या लग्नपत्रिकांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारायचे आणि दरवर्षी सरकारी शाळेतल्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करायचा, हा त्यांचा नऊ वर्षांचा नेम. नऊही वेळा कोणाचा तरी भाचा पुढे सरकला. आता गोवा घटक राज्य झालं होतं, कोंकणी राजभाषा झाली होती, आणि मराठी शाळांचं पुढे काय, यावर तिठ्यातिठ्यावर भांडणं जुंपत होती. मास्तरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांची वयाची मर्यादा चार महिन्यांत संपत होती. ही दहावी मुलाखत शेवटचीच.

मास्तरांना एक व्यसन होतं. त्यांचा गुणांवर विश्वास होता.

"माजे अडुसष्ट टक्के आसत," ते बायकोला सांगत. "माका कोणाच्या दारात जावची गरज नाय."

"व्हय तर," विमला म्हणे, आणि खोबरं किसत राही.

त्याच सुमारास पेडण्याच्या बाजाराच्या टोकाला, भाड्याच्या एका खोलीत, दोन उपदेशक येऊन राहिले. बेळगावकडचे पास्टर अमोलिक आणि मिरजेकडचे ब्रदर भंडारे. गावाला ख्रिस्ती म्हणजे इगर्जीतली मिस-प्रार्थना, पाद्री आणि सणाचं फेस्त एवढंच ठाऊक. या दोघांकडे मूर्ती नव्हती, मेणबत्ती नव्हती, आणि जेवणावळ तर नव्हतीच. गावाने त्यांना 'बिलीवर' म्हटलं आणि विषय संपवला. त्यांच्या सभेला पाचजण येत. त्यांतले दोघे बसची वाट बघणारे असत.

या दोघांना पत्रकांतलं मराठी तपासायला माणूस हवा होता, म्हणून मास्तर तिथे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांची पेन्सिल एका शब्दावर अडली.

"पूर्वनेमणूक? पास्टर, हा शब्द सरकारी वाटतो."

"स्वर्गीय आहे, मास्तर," अमोलिक म्हणाले. "कोणाला तारायचं ते देवाने जगाचा पाया घालण्याआधीच नेमून ठेवलं आहे. माणसाच्या कर्मांमुळे नव्हे, केवळ कृपेने."

"आणि गुण?"

"गुणांचा संबंधच येत नाही."

"म्हणजे अगदी आमच्यासारखंच की," मास्तर खिन्नपणे म्हणाले.

स्टोव्हजवळून भंडारे ओरडले, "त्यांचं ऐकू नका! कृपा सगळ्यांसाठी आहे. देव दार ठोठावतो, पण कडी आतून असते. ती काढायची की नाही, हे माणसाच्या इच्छेवर."

"पापात मेलेला माणूस कडी काढणार? मढं उठून दार उघडतं का, भंडारे?"

"मग देव काय बाहुल्यांचा खेळ मांडून बसलाय?"

एवढ्यात भात करपला. भंडारे म्हणाले, अमोलिकांनी झाकण काढलं नाही. अमोलिक म्हणाले, भात करपायचाच होता. दोघांनी तो शेजारीशेजारी बसून, एकमेकांकडे न बघता खाल्ला.

मास्तरांचा कौल अर्थातच भंडाऱ्यांना. स्वेच्छा! काय शब्द आहे! नऊ वर्षं निवडीच्या यादीपुढे लाचार झालेल्या माणसाला तो फेणीसारखा चढला. घरी जाताना तो शब्द ते बसमध्ये पुटपुटत राहिले आणि दोन थांबे पुढे उतरले.

मुलाखत एका सरकारी कचेरीत होती. कुठल्या, ते विचारू नका. तीन जागांसाठी बाकावर बारा उमेदवार घाम पुसत बसले होते, त्यांत मास्तरांचाच जुना विद्यार्थी साईश. 'आशीर्वाद' हा शब्द तो तीन प्रकारे लिही आणि तिन्ही चूक. कचेरीतला शिपाई धाकू हा इब्रामपूरचा, म्हणजे विमलाच्या माहेरचा. तो जवळ येऊन वाकला.

"मास्तरानु, घाम कित्याक काडतास? लिस्ट कालच टायप जाली. मुलाखत म्हणजे नुसतो दशावतार, राजा कोण ता आदीच ठरलेला. तुमी गप बसा." आणि त्याने डोळा मारला.

आता डोळा मारण्याचे अर्थ दोन. मास्तरांनी नेमका चुकीचा उचलला. ते ताडकन उठले.

"ऐका हो सगळ्यांनी!" ते गरजले. "यादी कालच झाली आहे. अशा पूर्वनेमणुकीपुढे मी मान तुकवणार नाही. मला स्वेच्छा आहे!"

बाकावर कोणी हललं नाही. धाकू मागून "मास्तरानु, मास्तरानु" करत धावला. मास्तर जिन्यावर पोचले तेवढ्यात आतून पुकारा झाला, "कृष्णनाथ तिळवे!" मास्तरांनी तो स्वच्छ ऐकला. एकदा नव्हे, तीनदा. आयुष्यात पहिल्यांदाच सरकार त्यांना हाका मारत होतं आणि 'नाही' म्हणायची चैन त्यांना परवडत होती. ते उतरून गेले.

घरी विमलाने मणगणें शिजवून ठेवलं होतं. मास्तरांना वाटलं, बाईला पराक्रमाची वार्ता आधीच लागली. गोडाच्या दोन वाट्या रिचवून त्यांनी हातवारे करत सगळं सांगितलं.

"तुमका नाव घेवन बोलयला?" विमलाने विचारलं.

"तीनदा!"

"आनी तुमी गेलात नाय."

"नाय!"

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर मास्तरांचं सोपं झालं असतं.

"यादीत तिसरा नाव तुमचा होता," ती म्हणाली. "तीन म्हयने मी आमदार भाऊंच्या घराक खेपो घातलंय. त्येंच्या चेडवाच्या लग्नाक तीन दीस नारळ किसलंय, बोटा सोलली. तुमका सांगला नाय, तुमचे अडुसष्ट टक्के दुखावतले म्हणान. तुमका काय एक करूचा नाय होता. नुसता खुर्चेर बसूचा होता."

मास्तरांनी रिकाम्या वाटीत चमचा फिरवला. विमलाने वाटी काढून घेतली.

त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं आणि ती तिसरी जागा साईशला गेली. तो पेढे घेऊन आला, पाया पडला, म्हणाला, "सर, तुम्ही उठला नसता तर माझं काही खरं नव्हतं." तो हे मनापासून म्हणाला, हेच वाईट. गावानेही मग हात धुऊन घेतले. बसमध्ये जागा मिळाली की कंडक्टर म्हणे, "बसा मास्तरानु, पण उठू नकात हां!" न्हाव्याकडे तेच, भजनात तेच, तेराव्याच्या पंगतीत वाढपीही तेच म्हणे, आणि दुःखात बुडालेली माणसं खुदकन हसत.

उपदेशकांना मात्र घबाड सापडलं. एका संध्याकाळी दोघे एकाच छत्रीतून भांडत पार्सेला आले.

"यादीत नाव होतं, हाकही आली, आणि या माणसाने स्वतः कृपा लाथाडली!" भंडारे म्हणाले. "यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?"

"खरी निवड झालेला माणूस उठूच शकत नाही," अमोलिक शांतपणे म्हणाले. "मास्तर उठले, म्हणजे ते कधी निवडलेलेच नव्हते. वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. तुमचा यात काहीच दोष नाही. तुम्ही मुळातच—"

"च्या थंड जाता," विमला म्हणाली.

भंडारे मास्तरांच्या गुडघ्यापर्यंत वाकले. "खरं सांगा. त्या क्षणी तुम्ही उठलात, की तुम्हाला कोणी उठवलं?"

मास्तरांनी खूप विचार केला. महिनाभर रोज पहाटे ते दुसरा विचार करतच नव्हते. बाक आठवला, धाकूचा डोळा आठवला, पायांना उभं करणारी ती उसळी आठवली. ती कोणाची होती, ते काही केल्या आठवेना.

"म्हायत नाय," ते म्हणाले.

दोघे हिरमुसले. पण रिकाम्या हाताने आले नव्हते. दोघांनीही आपापलं नवं पत्रक लिहून आणलं होतं आणि दोन्हींत 'पेडण्यातील एक गृहस्थ' म्हणून मास्तरच होते. उद्या छपाईला द्यायची होती, तेव्हा तेवढं शुद्धलेखन बघून द्या, म्हणाले.

मास्तरांनी चष्मा लावला. भंडाऱ्यांच्या कागदावर होतं, 'तो उठला.' अमोलिकांच्या कागदावर, 'त्याला उठवण्यात आले.' मास्तरांनी दोन्ही वाक्यं बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली. विमला दारात उभी राहून बघत होती.

व्याकरणाच्या दृष्टीने कुठेच चूक नव्हती. मास्तरांनी दोन्हींखाली 'बरोबर' असं लिहून दिलं.