मालकाचा आवाज

नोकरीतले खून-दरोडे आता डोक्यात एकमेकांत मिसळू लागले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हे आठवायला वेळ लागतो. पण ती भाजीवाली बाई ठाण्यात आली ती सकाळ मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. त्या प्रकरणात रक्त सांडलं नव्हतं की कुलूप तुटलं नव्हतं, तरी इतका हादरा मला दुसऱ्या कुठल्याच तपासात बसला नाही.

मी तेव्हा संग्रामपूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून बीटवाले शिपाई आपापल्या गावांकडे निघाले होते. तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आवाज चढला म्हणून मी बाहेर आलो. पन्नाशीची एक बाई टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिला मी ओळखत होतो. सोनाळ्याच्या बाजारात ती भाजी विकायची, आणि तिचा तरणाताठा मुलगा काही महिन्यांपूर्वी घरातून निघून गेला होता. तो बेपत्ता असल्याची मिसिंग आमच्याच ठाण्यात दाखल होती.

मला वाटलं, मुलाची चौकशी करायला आली असेल. पण ती म्हणाली, "साहेब, माह्या मालकाले कोनं तरी कोंडून ठेवलं हाये. म्या सोताच्या कानानं आयकलं."

आमच्याकडे बाई नवऱ्याला मालक म्हणते. अंमलदाराने लेखणी खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "साहेब, हिचा मालक मागच्या वर्षीच वारला. मी सोता मयतीले गेलतो."

ठाण्यात भ्रमिष्ट माणसं येतात तशी दुःखी माणसंही येतात, आणि सुरुवातीला दोघांचं बोलणं सारखंच लागतं. फरक ओळखायचा तर त्याला बसवावं, पाणी द्यावं आणि मध्ये तोंड घालू नये. मी तेच केलं. बाई म्हणाली, बाजारात तिच्या शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण बसतो. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तो मोबाइलवर काहीतरी खेळत होता, आणि त्या मोबाइलमधून तिचा नवरा बोलला. काय बोलला, असं मी विचारलं.

"आली का वं? पाय धुय, मंग घरात ये." ती जशीच्या तशी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "साहेब, मी वावरातून आली का ते असंच म्हनत. पन ऑपरेशनात त्यायचा गळा कापला. मंग त्यायच्या तोंडून एक शब्द नाही निंगाला, मरेपर्यंत नाही. आता कसे बोलून रायले?"

आमच्या ठाण्यात एक हुशार महिला शिपाई होती, सायबरचं प्रशिक्षण घेतलेली. तिला पाठवून कव्हरवाल्याला बोलावून घेतलं. तिशीतला गडी, पण ठाण्याची पायरी चढताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"त्या म्हाताऱ्याचा आवाज कुठून आणला?" मी विचारलं.

"साहेब, देवाशपथ, म्या काही नाही केलं. तो गेममधला बुढा हाये. सारेच खेळतेत."

त्याने मोबाइल टेबलावर ठेवला. गावं बसवायचा ऑनलाइन खेळ होता. कोणीही त्यात आपलं गाव बांधायचं, घरं, रस्ते, विहिरी, माणसं, सगळं आपल्या हाताने, आणि बाकीच्यांनी तिथे पाहुणे म्हणून फिरायला यायचं. कव्हरवाल्याने एक गाव उघडलं. मातीचं घर, पुढे ओटा, बाजूला विहीर, आणि ओट्यावर टोपी घातलेला म्हातारा. खेळणारा जवळ जाताच म्हातारा बोलला, "आली का वं? पाय धुय, मंग घरात ये."

बाई ताडकन उठली आणि तिने डोक्यावरून पदर घेतला. नवरा समोर आल्यावर घेतात तसा.

"हा म्हातारा इतका गाजला कसा?" मी शेवटी विचारलं.

"पोरगं असो का पोरगी, बुढा साऱ्यायलेच 'आली का वं' म्हनते ना साहेब, म्हनून लोक हासतेत. गेम दुसऱ्या कंपनीनं घेतला, तवापासून नवीन आलं. बुढ्याले विहिरीत ढकललं का पॉइंट भेटतेत."

बाईने त्याच्याकडे पाहिलं. "विहिरीत काऊन ढकलता बे त्याले?"

मी इतकी वर्षं मारेकऱ्यांचे जबाब घेतले, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मेलेल्या माणसाला रोज विहिरीत ढकलत होते, त्याच्याच आवाजासकट, आणि ढकलणाऱ्यांना आपण काय करतोय ह्याचा पत्ताही नव्हता.

कव्हरवाला मग स्वतःहूनच पुढे बोलला. "पन किती बी ढकला, तो परत ओट्यावर दिसते. एक पाव्हना येते, त्याले काढून बसवते, न् बाजूले पान्याचा लोटा ठेवून जाते. कोन हाये मालूम नाही. नाव नुसतं 'पाहुणा' ठेवलं हाये त्यानं."

बाई मोबाइलवर वाकली. म्हाताऱ्याच्या शेजारी खरंच पितळी लोटा होता. ती माझ्याकडे वळली. "साहेब, लोटा डाव्या अंगाले ठेवला हाये. माहा मालक डावखुरा होता. बाहीरच्या मानसानं ठेवला असता तं उजव्या हाताले ठेवला असता. हे माह्या पोराचं काम हाये. पोरगा जिता हाये!"

तपास तिथे वळला. तोपर्यंत मिसिंगच्या कागदांत त्या मुलाचा मोबाइल बंद, नातेवाइकांकडे नाही, एवढंच होतं. आता एक धागा हाती आला. मी दोन पंच बोलावले आणि त्या गावाचा रीतसर पंचनामा करायला घेतला. ठाण्याची लिखापढी करणारा रायटर विचारू लागला, "साहेब, चतुःसीमा काय लिहू?" त्याची चेष्टा नव्हती, तो खरोखर अडला होता. पूर्वेला विहीर, पश्चिमेला भिंत, असं लिहून आम्ही भागवलं. म्हाताऱ्याचं चित्र आणि आवाज मोबाइलवरून टिपून पेनड्राइव्हमध्ये घेतला आणि लाखेचं सील लावून मुद्देमाल म्हणून जमा केला.

मग कंपनीला पत्र गेलं. बाईच्या जबाबावरून रायटरने त्याचं इंग्रजी केलं, आणि तिथे फार मोठा घोळ झाला. नवरा ह्या अर्थाचा मालक त्याने 'ओनर', म्हणजे वस्तूचा धनी, असा लिहिला. पत्राचा अर्थ असा निघाला की तक्रारदार बाईच्या 'धन्याचा' आवाज ह्या खेळात आहे, तरी त्या धन्याविषयी खुलासा करावा. कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. महिला शिपायाने ते मला मराठीत समजावून सांगितलं.

उत्तर असं होतं: आवाजाचा धनी ही कंपनीच आहे. आधीच्या धन्याने सगळा खेळ आम्हाला विकला. खेळणाऱ्यांनी बांधलेली गावं, घरं, माणसं आणि त्यांत भरलेले आवाज त्या विक्रीत आले. गाव बांधणाऱ्याने नव्या अटी मान्य केलेल्या आहेत, त्यामुळे दुसऱ्या कोणाचा हक्क उरत नाही.

मी ते उत्तर पुन्हा वाचून घेतलं, कारण मला खरंच वाटेना. शेतीची फसवणूक पाहिली होती, एकाच प्लॉटची दोघांना विक्री पाहिली होती. पण माणसाचा गळा कापण्याआधीचा शेवटचा आवाज कुठल्याशा सौद्यात विटा-दारांबरोबर विकला जातो, आणि विकणारा-घेणारा दोघेही त्या माणसाचं नावसुद्धा जाणत नाहीत, हे माझ्या डोक्यात बसायला तयार नव्हतं.

दुसरं पत्र मी जवळ बसून लिहवून घेतलं. माणूस बेपत्ता आहे, 'पाहुणा' ह्या नावाने खेळणारा कुठून येतो ते कळवा, अशी कायदेशीर नोटीस होती. ह्या वेळी कंपनीने माहिती दिली. आमचा पाहुणा जिल्ह्याबाहेर गेलाच नव्हता. सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळ, हमरस्त्यावरच्या एका धाब्यावरून, दुसऱ्याच सिमकार्डावर, तो खेळत होता.

आम्ही गेलो तेव्हा मुलगा तंदूरपाशी रोट्या लावत होता. वर्दी पाहून पळाला नाही. हात पुसले आणि समोर येऊन उभा राहिला.

"आई जिती हाये ना, साहेब?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आहे. तू काऊन पळाला?"

"मी बापाले विकलं, साहेब."

गाडीत बसवल्यावर त्याने सगळं सांगितलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा वडिलांचा आवाज कुठेतरी राहावा म्हणून त्याने आपल्या खेळातल्या गावात थेट भरला. दुसरीकडे कुठे ठेवायचं सुचलं नाही. वडील गेल्यावर तो तिथे जाऊन ऐकायचा. मग खेळ विकला गेला आणि एक दिवस गावाचं दार उघडेना. नव्या अटी मान्य करा, मगच आत जाता येईल, असं पडद्यावर आलं. त्याने बटण दाबलं.

"न दाबून काय करू, साहेब? बाबा आत होते ना."

त्यानंतर म्हातारा विहिरीत पडू लागला. गावावरून त्याचं नाव गेलं आणि तो आपल्याच गावात पाहुणा झाला. आज ना उद्या आईला कळेल, ह्या धास्तीने त्याने घर सोडलं. ज्या अटी वकिलालाही धड समजल्या नसत्या, त्या मान्य केल्याचा गुन्हा हा पोरगा स्वतःवर घेऊन धाब्यावर राबत होता. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली.

ठाण्यात आईने त्याला पाहिलं, दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि मग पाठीत एक जोरदार धपाटा घातला. बटणाची गोष्ट तिला कितपत कळली, देव जाणे. तिने विचारलं एवढंच, "ते सगळ्यायलेच 'आली का वं' काऊन म्हनतेत? लोक हासतेत त्यायले."

मुलगा म्हणाला, "आई, मी त्यायले म्हटलं होतं, पाव्हन्यायसाठी काहीतरी बोला. ते बोलाले बसले न् तवाच तू वावरातून आली. ते तुलेच म्हनले. मी तेच ठेवलं."

बाई खाली बसली. इतके दिवस सगळ्या दुनियेला वाटला गेलेला तो आवाज फक्त तिच्यासाठी होता.

आणि मग कंपनीचं शेवटचं पत्र आलं. पोलीस चौकशी लक्षात घेऊन म्हाताऱ्याचं पात्र आणि आवाज खेळातून कायमचा काढून टाकला आहे. पोलिसांकडची प्रतही कंपनीच्या मालकीची असल्याने ती नष्ट करावी. मायलेकांना बोलावून सांगितलं तेव्हा मुलाने ठाण्यातच घाईघाईने खेळ उघडला. ओटा रिकामा होता. लोटा तेवढा डाव्या बाजूला तसाच होता. मुलगा ठाण्याच्या फरशीवर बसून लहान लेकरासारखा रडला.

म्हणजे आता त्या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आमच्या मुद्देमालाच्या कपाटात, लाखेच्या सीलखाली.

पेनड्राइव्ह परत मिळावा म्हणून बाईने न्यायालयात अर्ज केला. मी जातीने हजर राहिलो. कंपनीचं पत्र आम्ही लपवलं नाही, समोर ठेवलं. न्यायाधीश साहेबांनी ते वाचलं आणि बाईला विचारलं, "हा आवाज कोणाचा आहे?"

"माह्या मालकाचा, साहेब."

न्यायाधीश आमच्याच भागातले होते, त्यांना 'मालक' हा शब्द कळला. मुद्देमाल अर्जदार बाईच्या ताब्यात द्यावा, असा हुकूम झाला. कंपनीकडून त्यावर पुढे कोणी आलं नाही.

चोरीच्या तपासात 'कोणी नेलं' हा प्रश्न आम्ही आयुष्यभर विचारत आलो. 'हे कोणाचं' हा प्रश्न सोपा वाटायचा, कारण पावती असायची, सातबारा असायचा. ह्या प्रकरणाने मला शिकवलं की ज्याच्याजवळ कागद आहे त्याची वस्तू असेल, पण बोलणं ज्याच्यासाठी बोललं गेलं त्याचं असतं. हे कुठल्या कलमात बसतं ते मला तेव्हाही सापडलं नाही आणि आजही माहीत नाही.

वस्तू ताब्यात देताना सुपुर्दनाम्यावर सही घेण्याआधी मुद्देमाल तोच असल्याची खात्री करायची असते. पंचांसमोर सील तोडलं आणि महिला शिपायाने आवाज लावला.

"आली का वं? पाय धुय, मंग घरात ये."

बाई उठली. आम्हाला वाटलं, तिला ऐकवत नाही म्हणून बाहेर चालली. ती ठाण्याच्या आवारातल्या नळाशी गेली, चपला काढल्या, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि सावकाश दोन्ही पाय धुतले. मग ओल्या पायांनी आत आली आणि म्हणाली, "हाव, आली."