झोपलेल्यांची यादी

श्रीमती वेतुरिया होदोर यांची व माझी ओळख अक्षरांमुळे झाली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी तुर्दा येथील प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातले. अक्षर वळावे म्हणून आमच्या गुरुजींनी मला त्यांच्याकडे नावांची कार्डे उतरवून काढायला पाठवले.

वेतुरियाताईंनी टपाल कचेरीत एकतीस वर्षे पत्रांची वर्गवारी केली होती. निवृत्तीनंतर त्या ‘गरम ताट’ या संस्थेचे काम पाहू लागल्या. ही संस्था घराबाहेर पडू न शकणाऱ्या चाळीस वृद्धांना दुपारचे जेवण पोचवते. त्या हिवाळ्यात स्वयंपाकाला तीनच माणसे उरली होती. ईस्टरपर्यंत आणखी दहा जण न मिळाल्यास चूल बंद करावी, असा ठराव मंडळाने केला होता.

संस्थेचे हितचिंतक तीनशेच्या वर होते. अध्यक्ष श्री. ग्लिगोर त्या सर्वांना वर्षातून दोनदा एकच पत्र पाठवत. पत्राची सुरुवात ‘प्रिय मित्रा’ अशी असे. उत्तर सहसा येत नसे. ताईंचे मत असे होते की, पत्ता न पाहता टाकलेले पत्र आणि माणूस न पाहता लिहिलेले पत्र, दोन्ही सारखीच गहाळ होतात. म्हणून त्यांनी कार्डांचे ढीग केले. स्वतः येणारे एकीकडे, वृद्धांच्या इटलीत कामाला गेलेल्या लेकी दुसरीकडे. तीन वर्षे मौन असलेल्या छप्पन्न जणांच्या ढिगाला त्यांनी ‘झोपलेले’ असे नाव दिले.

ती यादी मी कार्डांवरच्या शेऱ्यांसह शुद्ध उतरवली. यादी म्हणजे फादरांनी प्रार्थनेत नावे वाचावीत म्हणून चर्चमध्ये द्यायची, एवढेच मला ठाऊक होते; म्हणून वर क्रूस काढला.

आमच्याकडे निवर्तलेल्या माणसालाही ‘झोपलेला’ म्हणतात. मृतांच्या शनिवारी, म्हणजे दिवंगतांची नावे वाचतात त्या दिवशी, ताई आपल्या दिवंगत पतीसाठी गव्हाची गोड कोलिवा घेऊन चर्चमध्ये गेल्या. चष्मा घरी राहिला होता. पतीच्या नावाच्या चिठ्ठीऐवजी त्यांनी पिशवीतली माझी यादी फादरांच्या हाती दिली. फादर कर्तव्यदक्ष आहेत. लिहिलेले ते गाळत नाहीत.

“आकिम तोदोरान, बेकरीवाला, सहा पत्रांना उत्तर नाही,” त्यांनी गंभीर सुरात वाचले.

आकिम तोदोरान तिसऱ्या रांगेत मेणबत्ती धरून उभे होते. ‘अखंड स्मरण राहो’ हे मृतांसाठीचे पद त्यांनी इतरांबरोबर शेवटपर्यंत म्हटले. सोमवारी ते संस्थेच्या स्वयंपाकघरात आले.

“काय हो ताई, मला पुरलंत कधी? निदान जेवायला तरी बोलवायचं.”

“बसा आधी. मेलेल्या माणसाला उभं राहणं शोभत नाही,” ताई म्हणाल्या. “आता सांगा, गप्प का झालात?”

“तुम्ही दर पत्रात बटाटे सोलायला बोलावता. मी पाव भाजणारा माणूस. पावाचं कोणी विचारलंय का कधी?”

ताईंनी कार्डावर ‘पाव’ असे लिहिले.

त्या आठवड्यात एकोणीस झोपलेले तक्रार घेऊन आले. ताईंनी प्रत्येकाला खुर्ची दिली आणि तोच प्रश्न विचारला. एका बाईंना जिना चढवत नव्हता, परंतु घरी बसून भाजी चिरता येत होती. एका गृहस्थांच्या घरी पाच वर्षे त्यांच्या दिवंगत आईच्या नावाने पत्र येत होते. दुसऱ्याच्या पत्राला उत्तर देणे त्यांना शिष्टाचाराला धरून वाटले नव्हते. जुने ढीग मोडले. कोणाला काय जमते आणि त्याला कसे बोलावावे, यावरून नवे झाले. ईस्टरपर्यंत चौदा जण मिळाले व चूल चालू राहिली. अध्यक्षांनी इतिवृत्तात याचे श्रेय सामुदायिक प्रार्थनेला दिले.

जे आले नाहीत त्यांच्याकडे ताई स्वतः गेल्या. शेवटचे घर टेकडीवरच्या सावेता क्रेचून या विधवेचे होते. संस्थेची सर्व पत्रे तिने प्रभूच्या तसबिरीमागे फितीने बांधून जपून ठेवली होती. एकही पाकीट फोडलेले नव्हते. तिला वाचता येत नव्हते, आणि दुसऱ्याकडून वाचून घेण्याची तिला लाज वाटत होती.

हे सांगून झाल्यावर ताईंनी तिचे कार्ड माझ्यापुढे सरकवले.

“नेचिताभाऊ,” त्या म्हणाल्या, “हिला पत्र टाकू नका. तुम्ही जा, आणि वाचून दाखवा.”