मागच्या बाकावरचा पेला

पेला भास्कररावांच्या ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. न पिताच त्यांनी तो शेजाऱ्याच्या हातात दिला. मी मेजापाशी उभा होतो. मी पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं.

कल्याणच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी तेव्हा पाळक होतो. पाळक म्हणजे उपदेश करणारा, लग्नं लावणारा, माणसं पुरणारा आणि मधल्या वेळात भांडणं मिटवणारा. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे प्रभुभोजन असे. येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एका भाकरीतला तुकडा खायचा आणि एकाच पेल्यातला द्राक्षरस प्यायचा. शेवटच्या माणसाने पेला रिकामा केला की उपासना संपली.

भास्करराव स्टेशनच्या गुड्स ऑफिसात क्लार्क होते. जन्माने ब्राह्मण. बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर सुटलं, बायको माहेरी गेली, आईने जिवंतपणी श्राद्ध घातलं. एवढं सोसूनही माणूस ताठ होता. एरवी ते पहिल्या बाकावर बसत आणि पेला पहिला त्यांच्याकडे जाई. त्या दिवशी ड्युटीवरून उशिरा आले म्हणून मध्ये बसावं लागलं, सखूबाईच्या नंतर. सखूबाई यार्डात इंजिनांसाठी कोळशाच्या पाट्या वाहायची. महारवाड्यातून आमच्यात आलेली म्हातारी, तोंडात दात मोजकेच.

उपासना संपल्यावर मी भास्कररावांना गाठलं.

"का नाही प्यायलात?"

"मनाने मी सगळं सोडलंय, पाळकसाहेब. पोट सोडत नाही. मळमळतं."

"मग पोटाला सांगा."

"एवढं एक राहू द्या. पेला मला आधी देत जा. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"मग जमायचं नाही," ते म्हणाले आणि छत्री उचलून चालू लागले.

मी मुरबाडकडचा कुणबी. हट्टाला हट्ट कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी मंडळीचे पंच बोलावले आणि भास्कररावांना शिस्तीखाली ठेवलं. म्हणजे त्यांनी मागच्या बाकावर बसायचं आणि चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजन नाही. बाप ज्या मुलावर प्रेम करतो त्यालाच शिक्षा करतो, असा कडक उपदेशही मी केला. फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मागच्या बाकावर दोघं दिसली. भास्करराव, आणि त्यांना खेटून सखूबाई.

मी तिला बाहेर गाठलं. "सखूबाई, तू तिथे का बसलीस? तुला कुणी शिक्षा केलीय?"

"त्याला एकल्याला बसवलंत ना, म्हणून."

"अगं, तुझ्याच उष्ट्याला तो नाक मुरडतो!"

"ठावं हाय मला. मी काय आंधळी हाय? राग आलाय मला त्याचा. पण मेंढरू हरवलं तर धनगर त्याच्या मागं जातो, असं तुमीच सांगता, पाळकबाबा. तुमी तर त्याला कोंडवाड्यात घातलंत."

"त्याने चूक कबूल करावी, दार उघडंच आहे."

"मग तो पिईल तवाच मी पिणार."

"आणि नाहीच प्यायला तर?"

"तर मी पण नाय. म्हातारी हाय, पुढच्या खेपेला असेन-नसेन. असू दे."

मी रागावून घरी आलो. बायको म्हणाली, "ती बरोबर बोलतेय." त्या दिवशी मी जेवलो नाही, पण म्हातारीचं म्हणणं खोडूनही काढता येईना.

इकडे गावातून भास्कररावांचे थोरले भाऊ येऊन गेले. प्रायश्चित्त घे, आम्ही पंक्तीला घेऊ, आईही बोलेल, असं म्हणाले. भास्कररावांनी सांगितलं, प्रभुभोजनाचा रविवार होऊ दे, मग कळवतो. आमच्या हातून माणूस जाणार हे उघड होतं. बातमी ठाण्याला मिशनच्या कचेरीत पोहोचली आणि मिशनरी साहेब त्या रविवारी स्वतः हजर झाले. साहेब मराठी पुस्तकातून शिकलेले. पिशवीतून त्यांनी कापडात गुंडाळलेला नवा कोरा पेला काढला.

"पाळक, आपण दोन पेले ठेवावेत. असा विद्वान मनुष्य आपण गमावू नये."

"साहेब, मग सखूबाईला कुठला पेला?"

"तिला पूर्वीचाच. तिची तक्रार नाही."

"माझी आहे."

"ही माझी आज्ञा आहे, असे समजावे."

"मग मेज तुम्ही सांभाळा. मी मागे जाऊन बसतो. तिथे जागा आहे."

साहेब लाल झाले. पण मंडळी जमली होती आणि त्यांच्यादेखत पाळकच मागच्या बाकावर बसलेला साहेबांना परवडणारा नव्हता. नवा पेला कापडातच राहिला.

भाकर झाली. पेला बाकांवरून फिरत शेवटी मागे गेला. भास्करराव शिस्तीखाली, त्यांना तो द्यायचा नव्हता. सखूबाईवर मात्र शिस्त नव्हती, म्हणून पंचाने तो तिच्यापुढे धरला. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिने हात पदरात लपवले.

पंच उभा. पेला रिकामा झाल्याशिवाय उपासना संपायची नाही. साहेबांनी घड्याळ काढलं. सगळ्या माना मागे वळल्या. हिची जिरते की त्यांची, हे मला पाहायचंच होतं.

"आजी, प्या हो," भास्करराव दबक्या आवाजात म्हणाले.

"तू पी."

"माझ्यापायी तुम्ही का उपाशी राहता? मी तुमचा कोण?"

"कोण नाय. म्हणून तर बसलेय. दुसरं कोण बसतंय तुझ्याजवळ?"

भास्कररावांचा चेहरा बदलला. रागावले होते की रडवेले झाले होते, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी पंचाच्या हातातून पेला घेतला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही."

"आन् मागून तू?"

त्यांनी होकाराची मान हलवली. म्हातारी प्यायली, मुद्दाम थोडं ठेवून. भास्कररावांनी डोळे मिटले आणि उरलेलं एका घोटात संपवलं. मग तोंडावर रुमाल दाबून ते पुढे वाकले. सखूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या नखांतला कोळसा धुऊनही गेला नव्हता. भास्करराव बाजूला सरकले नाहीत.

साहेब माझ्या कानाशी आले. "पाळक, हे नियमाबाहेर झाले. त्याने पंचांसमोर चूक कबूल केलेली नाही."

"साहेब, रिपोर्ट लिहा," मी म्हणालो. "माझं नाव नीट लिहा म्हणजे झालं."

त्यांनी लिहिला. मला ठपका आला आणि त्या वर्षी माझी कर्जतला ट्रान्सफर झाली. नवा पेला मी त्यांच्याच पिशवीत परत घातला होता. भास्करराव भावांकडे गेले नाहीत. सखूबाई पुढे दोन पावसाळे जगली. तिच्या पेटीला खांदा द्यायला ते गुड्स ऑफिसातून रजा काढून आले, आणि पेटी खाली ठेवेपर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.

पुढे ज्या ज्या मंडळीत मी गेलो तिथे पेला एकच ठेवला. चालत नसेल त्याने मागच्या बाकावर बसावं, हा नियमही ठेवला. देव हट्टी माणसाला शिक्षा करतो, हे मी अजूनही ठासून सांगतो. फक्त तेव्हापासून कुणाला मागे बसवलं, की उपदेश संपवून मीही त्याच्या शेजारी जाऊन बसतो. बाक टणक आहे. लवकर उठावंसं वाटतं, दोघांनाही.