ज्याला कोणी ‘कसाले?’ विचारत नाही

देवपूरहून फोन आला तेव्हा मी जळगावात गॅसवर भरताचं वांगं भाजत होतो. पलीकडून नानांचे शेजारी म्हणाले, “भाऊ, नाना गयात.” मी विचारलं, “साक्रीले का?” साक्रीजवळ नानांचं गाव, आणि मला सांगितल्याशिवाय हा माणूस हल्ली कुठे जात नसे. शेजारी म्हणाले, “नही भाऊ, तसं नही...” मग मला कळलं. वांगं एवढं करपलं की धूर भुसावळपर्यंत गेला असेल.

नाना म्हणजे धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे माझे सहकारी. मी मराठी शिकवायचो. त्यांनी वर्गात ‘सार्वभौमत्व’ म्हटलं की पांझरा नदीपलीकडे बाजारातले दुकानदार दंगल झाली समजून शटर ओढून घेत. (मी थोडं वाढवून सांगतो. नाना असते तर म्हणाले असते, “भाऊंचं निम्मं वजा करून ऐका.”) पण हा त्यांचा लाडका विषय साक्रीकडच्या डोंगरातून आलेल्या पोरांच्या डोक्यावरून जाई. ‘अंतर्गत सर्वोच्चता आणि बाह्य स्वातंत्र्य’ ऐकून ती खिडकीबाहेर बघत बसत. एक दिवस नानांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “हे पहा रे. ज्याले कोणी ‘कसाले?’ इचारू शकत नही, तो सार्वभौम.” कसाले म्हणजे कशासाठी. एवढ्या एका शब्दात अख्खा वर्ग जागा झाला. मागच्या बाकावरून एक जण उठला, “सर, मंग तुम्ही सार्वभौम शेत का?” (शेत म्हणजे आहात.) नाना म्हणाले, “घर ये, अक्काले इचार.”

त्या वर्षी परीक्षेत बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या पोरांनी हीच व्याख्या लिहिली. पेपर गेले होते कोकणातल्या कुणा परीक्षकाकडे. त्या भल्या माणसानं म्हणे शब्दकोश पालथे घातले, आणि शेवटी ‘कसाले’ हा कुणी फ्रेंच विचारवंत असणार असं ठरवून सगळ्यांना पास करून टाकलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता ती खरीच झाली आहे.

अक्का म्हणजे नानांची बायको. नानांनी चपलांत पाय घातला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “कोठे निंघनात? कसाले?” छत्री घेतली, कसाले? चहा दुसऱ्यांदा मागितला, कसाले? नाना दारात उभे राहून सविस्तर खुलासा करत. कोथिंबीर आणायची असली तरी ती कोणत्या गाडीवरून आणि का, इथपर्यंत. मला म्हणत, “भाऊ, बाहेर मी सार्वभौमत्व शिकवतो, आत माझी नुसती पंचायत आहे.” आणि असे खूश दिसत की विचारू नका.

मग अक्का गेल्या. मुलगा पुण्यात, तो म्हणाला, इकडे या. मी म्हटलं, जळगावला माझ्या मुलाकडे चला, माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. नानांनी दोघांनाही उडवून लावलं. “सामीलनाम्यावर सही करणार नाही. लोकसंख्या एक, भूभाग अडीच खोल्या, शासन माझं. आता मला कोणी विचारणारं नाही, भाऊ. आयुष्यभर शिकवलं ते आत्ता मिळालं.” हसले. मीही हसलो. पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

पुढच्या वेळी देवपूरला गेलो तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. नाना दूध आणायला निघाले. चपला घातल्या, कडी काढली, आणि उंबऱ्याशी थांबले. मला वाटलं पिशवी विसरली. पण पिशवी हातात होती. ते नुसते उभे होते, मान किंचित स्वयंपाकघराकडे वळवून... मग गेले. दुपारी पुन्हा तसंच. संध्याकाळीही. चौथ्यांदा मात्र राहवलं नाही. ते थांबले आणि मी आतून ओरडलो, “कोठे निंघनात? कसाले?”

नाना म्हणाले, “परकीय हस्तक्षेप शे हा.” आवाज ओला होता. आणि मग सांगू लागले, दिव्यात घालायला तेल संपलंय, कोपऱ्यावरच्या मारवाड्याकडे चांगलं मिळतं, येताना केळी बघतो... अगदी सविस्तर.

त्यानंतर ते काही जळगावला आले नाहीत, पण रोज संध्याकाळी बाहेर पडताना मला फोन करत. मी म्हणायचो, “कसाले?” ते सांगत. मग ते मला विचारत, “आणि तुम्ही? आज कसाले कोठे?” मी पाच मजली थापा मारायचो, कलेक्टरनं सल्ल्याला बोलावलंय वगैरे. ते म्हणत, “निम्मं वजा. म्हणजे भाजी आणायला.” बरोबर असायचं. राज्य स्वतःला कितीही राज्य म्हणो, दुसऱ्या कुणी मान्यता दिल्याशिवाय ते राज्य होत नाही, असं नाना वर्गात सांगत. आमची ती रोजची परस्पर मान्यता होती. शेवटच्या दिवशीही फोन आला होता. जरा पाय मोकळे करतो म्हणाले.

आता संध्याकाळी फोन वाजत नाही. परवा मी सुनेला म्हटलं, “बेटा, मी बाहेर निघालो की मला विचारत जा.”

“काय विचारू, आबा?”

“कुठे चाललात, कशासाठी.”

ती बिचारी एकदम ओशाळली. हातातलं पीठ झटकून, पदर सारखा करत म्हणाली, “असं कसं, आबा? तुम्ही घरातले मोठे. तुम्हाला विचारणारं कोण आहे?”

फार प्रेमानं म्हणाली हो. मी चपला घातल्या आणि निघालो. गल्लीच्या टोकाला आल्यावर लक्षात आलं, मला कुठेच जायचं नव्हतं.