अर्डेला मावशीच्या वाट्याचं मांजरपाट

माझी अर्डेला मावशी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. आम्ही सेनेका, अमेरिकेतले मूळ रहिवासी; आमच्यात घर बाईचं. नवरा नकोसा झाला की त्याचं सामान दाराबाहेर ठेवायचं, विषय संपला. मावशीनं तिच्या नवऱ्याचे बूट, बंदूक आणि व्हायोलिन पायरीवर ओळीनं मांडलं होतं, आणि व्हायोलिन भिजू नये म्हणून वर पोतं टाकलं होतं. रागातही ती अशी नीटनेटकी. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या तिच्या शेतात मका व्हायचा. चुलीतली राख घालून ती तो उकडायची, टोपलीत घोळून सालं काढायची आणि डुकराचं मांस नि घेवडा घालून त्याचं सूप करायची. गावात कुणी आजारी पडलं की पहिलं पातेलं तिच्याकडचं. आणि दर साली कापडवाटपाच्या दिवशी ठेवणीतला कोट घालून ती सगळ्यांच्या आधी हजर असायची.

हे कापड १७९४च्या कराराचं. ही जमीन तुमची, आम्ही तिला कधी हात लावणार नाही, असं अमेरिकेच्या सरकारनं तेव्हा लिहून दिलं, आणि दर वर्षी आमच्यासाठी ठराविक रकमेच्या वस्तूही कबूल केल्या. रक्कम तीच राहिली नि भाव चढले, त्यामुळे आमच्या काळापर्यंत माणशी टॉवेलभर मांजरपाट उरलं होतं.

मग सरकारनं नदीवर धरण बांधायला काढलं; आमचं खोरं पाण्याखाली जाणार होतं. कोर्टकचेऱ्या झाल्या, आम्ही हरलो. खोऱ्यातली घरं रिकामी करून जाळली, थडगी उकरून वर नेली. मावशीचं घर जाळलं त्याच शरद ऋतूत नेहमीसारखा कापडाचा गठ्ठा आला! लाज कशी वाटली नाही यांना, असं मला आजही वाटतं.

माझा थोरला भाऊ फेरिस सभागृहात शिरला तोच पेटलेला. "गठ्ठा फेका त्यांच्या तोंडावर! करार मोडलाय त्यांनी. आपणही मोडला म्हणा, मिटलं!"

लोक माना डोलवू लागले. डोंगराकडची जी जमीन अजून आमची होती, तिच्यामागे या कराराखेरीज होतं काय?

मावशी उठली. "खाली बस. आवाज अगदी बापावर गेलाय तुझा."

"मावशे, तू नवऱ्याला घराबाहेर काढलंस. मग यांचंच का घ्यायचं?"

"नवरा गेला आपल्या आईकडे. हे कुठं जाणारेत? दोरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक आपल्या. ते हिसके देतायत, दिसतंय मला. पण हात आपण सोडला, असं उद्या कुणी म्हणायला नको."

"दोरी कसली, हातरुमाल आहे तो!"

"असू दे. नुसतं सूत पाठवलं तरी मी येऊन घेणार. पाठवायचं त्यांनी, घ्यायचं मी. कळलं?"

ती थेट टेबलाशी गेली. कापड वाटायला आलेला सरकारी माणूस वयानं लहानच होता. जळलेल्या घराचं त्याच्या कानावर आलं असावं. त्यानं तिचा तुकडा दिला आणि वर हळूच आणखी एक ठेवला.

"राहू द्या, बाई. तुमचं घर गेलं, म्हणून..."

मावशीनं तो दुसरा तुकडा नीट घडी करून त्याच्यापुढे सरकवला. "हा करारात नाही. करारात आमची जमीन आहे. ती देतोस?"

त्यानं तो तुकडा गठ्ठ्यात परत ठेवला. मावशीनं आपला तुकडा काखोटीला मारला.

"पुढच्या वर्षीही वेळेवर ये," ती म्हणाली.

फेरिस बराच वेळ भिंतीला टेकून होता. मग तो येऊन रांगेत उभा राहिला. रडत होता, पण उभा राहिला.